डच प्रांतांची जुनी नाणी ओळखायची कशी? नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

नाणं डच आहे एवढं कळलं की बहुतेक जण थांबतात, आणि डबीवर 'डच, जुनं' अशी चिठ्ठी लावून मोकळे होतात. पण १८व्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेदरलँड्सचं असं एक नाणं नव्हतंच. हॉलंड, झीलंड, उट्रेख्त, गेल्डरलंड, ओव्हरआयसेल, फ्रीसलंड आणि ग्रोनिंगन असे सात प्रांत होते आणि प्रत्येकाची टांकसाळ वेगळी होती. त्यामुळे दोन नाणी वजनाला, आकाराला आणि चित्राला सारखी असूनही एक हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्तच्या टांकसाळीचं आणि दुसरं गेल्डरलंडमधल्या हार्डरवाइकचं असू शकतं. तो फरक दोन-चार अक्षरांत किंवा नखाएवढ्या ढालीत दडलेला असतो. तो वाचायला शिकणं हाच या छंदातला खरा आनंद आहे, आणि नवख्या माणसालाही तो थोड्या सरावानं जमतो.

आधी इतिहास, कारण त्याशिवाय नाणं बोलत नाही

१५७९ साली उट्रेख्तच्या करारानं उत्तरेकडचे प्रांत स्पेनच्या राजाविरुद्ध एकत्र आले. १५८१ मध्ये त्यांनी दुसऱ्या फिलिपला आपला राजा मानायचं नाकारलं. राजा गेला, पण त्याच्या जागी एकच सत्ता आली नाही. प्रत्येक प्रांताला आपलं सार्वभौमत्व प्यारं होतं आणि नाणं पाडण्याचा हक्क हा त्या सार्वभौमत्वाचा सर्वांना दिसणारा पुरावा होता. शिवाय टांकसाळीतून उत्पन्न मिळे. टांकसाळीचा प्रमुख करारावर काम करी आणि जितकी जास्त नाणी पाडी तितका त्याचा फायदा होई.

यातून गोंधळ होणारच होता. १५८६ मध्ये, तेव्हाचा इंग्रज गव्हर्नर अर्ल ऑफ लेस्टर याच्या काळात, सगळ्या प्रांतांसाठी समान नाण्यांचा आदेश निघाला. १६०६ मध्ये आणखी एक मोठा आदेश आला. नमुने ठरले, वजनं आणि चांदीचं प्रमाण ठरलं. प्रत्येक टांकसाळीनं नमुन्याची नाणी पेटीत जपून ठेवायची आणि केंद्रीय अधिकाऱ्यांनी ती पेटी उघडून तपासायची, अशी पद्धत होती. तरीही डेव्हेंटर, काम्पन, झ्वोले, नाइमेखन, झुटफन आणि ग्रोनिंगन या शहरांच्या स्वतंत्र टांकसाळी १७व्या शतकात हलकी नाणी बाजारात सोडत राहिल्या. १६०९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये विनिमय बँक निघाली, त्याचं एक मोठं कारण हाच गोंधळ होता. व्यापाऱ्याला शेकडो प्रकारची नाणी पारखत बसण्याऐवजी बँकेतल्या खात्यावर भरवसा ठेवता यावा, हा हेतू.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली की नाण्याची रचना उलगडते. चित्र संघाचं असतं, सही प्रांताची असते. चित्रावरून नाण्याचा प्रकार कळतो आणि सहीवरून ते कुठलं हे कळतं. नवखा माणूस सगळा वेळ चित्रात घालवतो आणि सही पाहायचीच राहून जाते.

पहिली पायरी: वजन, व्यास, धातू

दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एका बाजूनं तिरपा प्रकाश टाकता येईल असा दिवा, एवढं सामान पुरेसं आहे. नाणं कडेनं धरा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी यातलं काहीही लावू नका. तांब्याच्या नाण्यावरची तपकिरी झाक आणि चांदीवरची काळसर छटा हा त्याच्या वयाचा भाग असतो. ती एकदा गेली की परत आणता येत नाही, आणि संग्राहकाच्या नजरेत नाण्याची किंमतही तिच्यासोबत जाते.

आता हिशोब समजून घ्या. १ गिल्डर म्हणजे २० स्टाइव्हर आणि १ स्टाइव्हर म्हणजे ८ डॉइट. म्हणजे एका गिल्डरमध्ये १६० डॉइट. मोठ्या व्यापाराची चांदीची नाणी या हिशोबाच्या थोडी बाहेर चालत, कारण ती मुळात परदेशी पाठवण्यासाठी पाडलेली असत.

मोठ्या चांदीच्या नाण्यांत चार प्रकार वारंवार भेटतात. सर्वांत हलका लेउवनडालर, म्हणजे सिंहछाप डालर. त्याचं ठरलेलं वजन सुमारे २७.७ ग्रॅम आणि चांदी ७५ टक्के. एका बाजूला ढालीमागे उभा असलेला शूर आणि दुसऱ्या बाजूला मागच्या पायांवर उभा सिंह. हॉलंडनं तो १५७५ मध्ये सुरू केला. ठसा बहुधा ओबडधोबड, मध्य सरकलेला, काठ असमान, कारण ही नाणी हातोड्यानं ठोकलेली असत. तो पूर्वेच्या भूमध्य समुद्रात आणि तुर्की साम्राज्यात इतका चालला की अरबी बाजारात त्याला 'कुत्र्याचा बाप' म्हणत. झिजलेल्या नाण्यावरचा सिंह तसा दिसतोही. रोमानियाचा लेउ आणि बल्गेरियाचा लेव्ह या चलनांची नावं याच सिंहावरून आली.

चांदीचा डुकॅट १६५९ पासूनचा. वजन सुमारे २८.२ ग्रॅम, चांदी जवळपास ८७ टक्के. यावरही शूर उभा असतो, पण ढाल त्याच्या पुढ्यात नसून पायाजवळ, फितीनं धरलेली. मागे मुकुट असलेली संघाची ढाल, तिच्यात हातात तलवार आणि बाणांचा जुडगा घेतलेला सिंह. हे नाणं बाल्टिक समुद्राच्या बाजूला खूप गेलं.

त्याच वर्षीचा डुकाटन, ज्याला चांदीचा स्वार असंही म्हणतात, तो सगळ्यांत देखणा. वजन ३२ ग्रॅमच्या पुढे, चांदी ९४ टक्के. तलवार उगारून दौडत निघालेला घोडेस्वार आणि घोड्याखाली प्रांताची ढाल. डुकॅट आणि डुकाटन या नावांत नवखे नेहमी घसरतात. घोडा दिसला तर डुकाटन, एवढं लक्षात ठेवलं की झालं. पूर्वेकडच्या व्यापारात चांदी पाठवायची तर डच ईस्ट इंडिया कंपनी हे नाणं आवर्जून वापरी.

चौथा तीन गिल्डरचा. त्याचं वजनही ३१-३२ ग्रॅमच्या आसपास, म्हणून नुसत्या काट्यावर तो डुकाटनशी गोंधळतो. चित्र मात्र अगदी निराळं आहे. एक स्त्री एका हातानं खांबावरच्या बायबलवर टेकून उभी आहे आणि दुसऱ्या हातात भाला आहे. भाल्याच्या टोकावर टोपी आहे, ती स्वातंत्र्याची. लॅटिन लेखाचा अर्थ असा की 'हिचं आम्ही रक्षण करतो, याच्यावर आम्ही विसंबतो', म्हणजे स्वातंत्र्य आणि धर्म. ढालीच्या दोन्ही बाजूंना किंमत लिहिलेली असते. साडेदहा ग्रॅमच्या एक गिल्डरवरही हेच चित्र आहे. १६९४ मध्ये या मालिकेला सगळ्या संघाची मान्यता मिळाली.

याखेरीज १६०६ च्या आदेशातला राइक्सडालर आहे, २९ ग्रॅमचा, चिलखती योद्ध्याच्या अर्ध्या आकृतीचा. लहान चांदीत सहा स्टाइव्हरचा स्खेलिंग, सुमारे पाच ग्रॅमचा. त्यावर कधी जहाज असतं, कधी स्वार. दोन स्टाइव्हरचं नाणं जेमतेम दीड ग्रॅमचं, एका बाजूला मुकुटधारी ढाल आणि दुसऱ्या बाजूला ओळींत तोडून लिहिलेलं प्रांताचं नाव. एक स्टाइव्हरवर बाणांचा जुडगा असतो. तो इतका केरसुणीसारखा दिसतो की डच लोक त्याला केरसुणी-स्टाइव्हर म्हणत. सोन्याचा डुकॅट साडेतीन ग्रॅमचा, पातळ आणि जवळजवळ शुद्ध.

दुसरी पायरी: काठावरची अक्षरं

हाच सगळ्यात फलदायी भाग आहे, म्हणून इथे वेळ द्या. बहुतेक चांदीच्या नाण्यांवर लॅटिन लेख असतो आणि तो संक्षेपात असतो. सुरुवात 'एम-ओ' नं होते, म्हणजे मोनेटा, नाणं. पुढे 'एन-ओ' असेल तर नोव्हा, नवं. 'ए-आर-जी' म्हणजे चांदीचं. मग 'पी-आर-ओ' किंवा 'ओ-आर-डी', म्हणजे प्रांतांचं वा प्रांतसभांचं. 'कॉन्फो' किंवा 'फोएड' म्हणजे संघटित. मग 'बी-ई-एल-जी'. आणि सगळ्यात शेवटी प्रांत.

'बी-ई-एल-जी' पाहून नाणं बेल्जियमचं समजू नका. त्या काळच्या लॅटिनमध्ये हा शब्द सगळ्या नेदरलँड्सच्या प्रदेशासाठी वापरत. बेल्जियम हा देश १८३० मध्ये जन्मला. ऑनलाइन विक्रीत 'बेल्जियमचं १७व्या शतकातलं नाणं' अशी जाहिरात दिसली तर अनेकदा असा लेखच चुकीचा वाचलेला असतो.

लेख वाचताना तीन सवयी लावून घ्या. नाणं हळूहळू फिरवत, वरच्या टोकापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वाचा. 'यू' च्या जागी 'व्ही' असतो हे गृहीत धरा. आणि शब्द मध्येच तुटतात हे विसरू नका, कारण शूराचं डोकं किंवा पाय लेख कापत जातात.

आता प्रांत. 'एच-ओ-एल' किंवा पूर्ण 'होलांडिया' दिसलं तर हॉलंड. 'झेड-ई-एल' किंवा 'झीलांडिया' म्हणजे झीलंड. ही दोन सोपी. उट्रेख्तचं मात्र लॅटिन नाव वेगळं होतं, म्हणून तिथे 'टी-आर-ए-आय' असतं, आणि नवखा माणूस ते पाहून गोंधळतो. ओव्हरआयसेलचंही तसंच. आयसेल नदीच्या पलीकडचा प्रदेश म्हणून 'टी-आर-ए-एन-एस-आय'. या दोहोंची सुरुवात सारखी आहे, त्यामुळे झिजलेल्या नाण्यावर 'टी-आर-ए' एवढंच उरलं असेल तर घाई करू नका, ढालीकडे वळा. 'डी, जी-ई-एल, सी, झेड' असा तुकडा दिसला तर तो गेल्डरलंडचा, म्हणजे गेल्डरची डची आणि झुटफनची काउंटी. 'जी-आर-ओ-एन' ग्रोनिंगनचं. 'एफ-आर-आय' फ्रीसलंडचं.

आणि 'डब्ल्यू-ई-एस-टी-एफ' दिसलं तर वेस्ट फ्रीसलंड. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. वेस्ट फ्रीसलंड हा सातांपैकी प्रांत नव्हता. तो हॉलंडच्या उत्तरेचा भाग होता, पण त्यानं आपली टांकसाळ राखली होती आणि ती होर्न, एंखाउझन आणि मेडेम्ब्लिक या तीन शहरांत आळीपाळीनं फिरे. फ्रीसलंड प्रांत मात्र समुद्राच्या पलीकडे, त्याची टांकसाळ लेउवार्डनला. 'वेस्ट' हा शब्द झिजून गेला असेल तर नाणं सहज चुकीच्या डबीत पडतं.

सोन्याच्या डुकॅटवर प्रांताची ढाल नसतेच, म्हणून तिथे अक्षरांशिवाय उपाय नाही. एका बाजूला तलवार आणि बाणांचा जुडगा घेतलेला शूर उभा असतो. त्याच्याभोवती 'काँकॉर्डिया रेस पार्वे क्रेस्कुंट' हा लेख, म्हणजे ऐक्यानं लहान गोष्टी मोठ्या होतात. प्रांताचा संक्षेप त्याच लेखाच्या शेवटी असतो. साल शूराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आकड्यांत तोडलेलं असतं. मागे नक्षीच्या चौकटीत पाच ओळींचा लेख.

तिसरी पायरी: ढाल वाचा

तांब्याच्या आणि झिजलेल्या नाण्यांवर अक्षरं बहुधा गेलेली असतात, पण ढालीचं चित्र बाहेरून दिसत राहतं. ढालींची वैशिष्ट्यं अशी:

- हॉलंड: एकटा सिंह, मागच्या पायांवर उभा. त्याच्याभोवती कुडाचं कुंपण असेल तर शंकाच नको. कुंपणातला सिंह किंवा कुंपणात बसलेली कुमारी हे हॉलंडचं जुनं चिन्ह आहे.
- झीलंड: लाटांतून अर्धा वर आलेला सिंह. सोबत 'लुक्टॉर एट एमर्गो', झुंजतो आणि वर येतो. समुद्राशी शतकानुशतकं लढणाऱ्या प्रांताचं हे ब्रीद मला सगळ्या डच नाण्यांत सर्वांत आवडतं.
- गेल्डरलंड: मधून उभी विभागलेली ढाल आणि समोरासमोर दोन सिंह.
- वेस्ट फ्रीसलंड आणि फ्रीसलंड: दोन्हींच्या ढालीत एकाखाली एक चालणारे दोन सिंह. ढाल सारखी म्हणून लेख वाचल्याशिवाय निर्णय देऊ नये.
- ओव्हरआयसेल: उभा सिंह आणि त्याच्यावरून आडवी गेलेली नागमोडी पट्टी. ती पट्टी म्हणजे आयसेल नदी.
- ग्रोनिंगन: चार भागांची ढाल, त्यात दोन डोक्यांचा गरुड आणि हृदयांच्या तिरप्या रांगा.
- उट्रेख्त: प्रांताच्या ढालीत क्रूस असलेले भाग, पण शहराची ढाल साधी, तिरप्या रेषेनं दोन भागांत विभागलेली. 'स्टाड उट्रेख्त' असं लिहिलेले तांब्याचे डॉइट शहराचे आहेत.

उभा सिंह पाहिला की लगेच 'हॉलंड' म्हणू नका. ओव्हरआयसेलची नागमोडी पट्टी झिजली की तोच सिंह उरतो. तिरपा प्रकाश टाकून सिंहाच्या पोटावर उंचवटा दिसतो का, ते आधी पाहा.

चौथी पायरी: छोट्या खुणा, कडा, साल

लेखाच्या सुरुवातीला किंवा सालाजवळ एखादं चिमुकलं चित्र असतं. ती टांकसाळीची किंवा टांकसाळ-प्रमुखाची खूण. डॉर्ड्रेख्तची खूण गुलाब, मिडलबर्गची किल्ला, उट्रेख्तची शहराची छोटी ढाल. या तीन पाठ केल्या तर हॉलंड, झीलंड आणि उट्रेख्तची बरीचशी नाणी पटकन निश्चित होतात. बाकीच्या टांकसाळींच्या खुणा प्रमुखाबरोबर बदलत, त्यामुळे त्यांना कॅटलॉग लागतो.

१७व्या शतकाच्या शेवटच्या तीस-चाळीस वर्षांत डच टांकसाळींत हातोड्याच्या जागी स्क्रूप्रेस, म्हणजे स्क्रू फिरवून दाब देणारं यंत्र, येऊ लागला. गोल, समान जाडीचं, नीट मध्यावर ठसा असलेलं नाणं बहुधा त्यानंतरचं. उलट १६०६ चा लेउवनडालर एकदम गोल आणि गुळगुळीत दिसला तर सावध व्हा.

एखाद्या २८ स्टाइव्हरच्या फ्लोरिन या चांदीच्या नाण्यावर मध्येच 'एच-ओ-एल' किंवा बाणांच्या जुडग्याचा छोटा ठसा मारलेला सापडेल. ते नाण्याचं नुकसान नव्हे. शहरांनी हलकी नाणी बाजारात ओतली, तेव्हा १६९३ च्या सुमारास चांगली नाणी निवडून त्यांवर अशी खूण मारली गेली. म्हणजे नाण्यावर दोन घटनांची नोंद आहे, पाडण्याची आणि पारखण्याची. अशा नाण्याचा प्रांत ठरवताना मूळ लेख वाचायचा, मारलेला ठसा नव्हे. हॉलंडचा ठसा असलेलं नाणं डेव्हेंटरचं असू शकतं.

कंपनीचे डॉइट: आपल्याकडे बहुधा हेच येतात

भारतात डच नाणं म्हणून जे हाती लागतं ते बहुतेक वेळा डच ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं डॉइट असतं. सुमारे २१-२२ मिलिमीटर व्यास, तीन ग्रॅमच्या आगेमागे वजन. एका बाजूला मोठ्या 'व्ही' च्या दोन हातांवर गुंफलेली 'ओ' आणि 'सी' ही अक्षरं, म्हणजे कंपनीच्या डच नावाची आद्याक्षरं, आणि खाली साल. अनेक जण नाणं उलटं धरतात आणि 'व्ही' चा 'ए' वाचतात. साल खाली येईल असं धरा.

दुसऱ्या बाजूला प्रांताची ढाल, आणि तिथे तिसरी पायरी लागू होते. एक सिंह असेल तर हॉलंड, लाटांतला सिंह झीलंड, एकाखाली एक दोन सिंह असतील तर वेस्ट फ्रीसलंड, समोरासमोर दोन सिंह गेल्डरलंड. ढालीला दोन्ही बाजूंनी सिंह आधार देत असतील तर उट्रेख्त. कंपनीसाठी डॉइट प्रामुख्यानं या पाच ठिकाणी पाडली गेली.

आता हे वेगळं डॉइट पाडलंच का? नेदरलँड्समध्ये ८ डॉइटचा एक स्टाइव्हर होता, पण कंपनीच्या पूर्वेकडच्या वसाहतींत ४ डॉइटलाच एक स्टाइव्हर मिळे. साध्या प्रांतिक डॉइटची पोती खलाशांनी गुपचूप जहाजातून नेली की बंदरात उतरताच पैसे दुप्पट. ती चोरटी वाहतूक रोखायला कंपनीनं आपली अक्षरं असलेलं नाणं पाडून घेतलं, १७२६ पासून. घरी वेगळं आणि पूर्वेत वेगळं नाणं असलं की तस्कराला नफा उरत नाही. ज्या तांब्याला आज आपण सुटी नाणी म्हणून बाजूला सारतो, त्याच्यामागे एवढा विचार आहे.

म्हणून साल महत्त्वाचं. कंपनीच्या डॉइटवर १७२६ च्या आधीचं साल असेल तर ते नाणं संशयास्पद समजा. वेंगुर्ल्याच्या डच वखारीशी जोडून डॉइट विकणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा. वेंगुर्ल्यात डचांचा भरभराटीचा काळ १७व्या शतकातला आहे, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्याचा. तेव्हा हे डॉइट जन्मलंच नव्हतं. त्या काळात या किनाऱ्यावर डच जहाजांतून येत असे ती चांदी. तिच्यातली पुष्कळशी सुरतेत गाळली जाऊन मोगल रुपये म्हणून बाहेर पडली. म्हणूनच आपल्याकडे १७व्या शतकातली डच चांदीची नाणी इतकी विरळ सापडतात. जी आली ती रुपयांच्या पोटात गेली.

नागपट्टणम, पुलिकत आणि कोचीन इथे कंपनीनं स्थानिक धाटणीची वेगळी छोटी नाणीही पाडली. ती प्रांतिक नव्हेत. त्यांवर कंपनीची अक्षरं असली तरी त्यांची डबी वेगळी ठेवा.

अमेरिकेत हेच डॉइट 'न्यूयॉर्क पेनी' या नावानं विकलं जातं. न्यू अ‍ॅम्स्टरडॅम इंग्रजांनी १६६४ मध्येच घेतलं होतं आणि ते मुळात डचांच्या वेगळ्या, पश्चिमेकडच्या कंपनीचं होतं. साल पाहिलं असतं तर हा गैरसमज पसरलाच नसता.

प्रांतिक वाटणारी पण नसलेली

राजाचा चेहरा असलेली १७व्या-१८व्या शतकातली 'नेदरलँड्स' ची नाणी बहुधा दक्षिणेची असतात, म्हणजे स्पेन आणि नंतर ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या प्रदेशाची. अँटवर्पच्या टांकसाळीची खूण हाताचा पंजा. चेहऱ्याऐवजी मध्ये काठ्यांचा फुली-क्रूस असेल तर तो पाटागॉन नावाचा चांदीचा सिक्का, तोही दक्षिणेचाच.

किंमत सेंटमध्ये लिहिली असेल तर ते १८१६ नंतरच्या राज्याचं नाणं. १७९५ मध्ये फ्रेंचांच्या पाठबळावर जुनं प्रजासत्ताक कोसळलं, पण जुन्या ठशांची प्रांतिक नाणी त्यानंतरही काही वर्षं निघत राहिली. १८००-१८०५ चं साल असलेला डुकॅट पाहून तो नकली ठरवू नका.

सोन्याच्या डुकॅटची तर आणखी गंमत आहे. हा डुकॅट युरोपात इतका विश्वासाचा होता की सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीत रशियानं त्याची हुबेहूब नक्कल १८६८ पर्यंत गुपचूप चालू ठेवली, आणि १८३१ च्या उठावात वॉर्साच्या पोलिशांनीही असेच डुकॅट पाडले, फक्त छोटा गरुड जोडून. या नकला सोन्याच्याच आहेत आणि संग्राहक त्यांना वेगळी किंमत देतात. १६व्या-१७व्या शतकात इटलीतल्या आणि जर्मनीतल्या छोट्या संस्थानांनी लेउवनडालरची नक्कल केली, पण त्यांत चांदी बहुधा कमी असते.

नकली नाणं कसं पकडायचं?

पहिली चाचणी लोहचुंबक. ओढलं गेलं तर प्रश्न मिटला. न ओढलं गेलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळही ओढलं जात नाही.

दुसरी चाचणी घनतेची आहे आणि ती घरी करता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. डुकाटनची घनता सुमारे १०.४ यायला हवी, लेउवनडालरची १०.१ च्या आसपास, कारण त्यात तांबं जास्त. सोन्याचा डुकॅट १९ च्या जवळ. साडेआठ-नऊ आली तर चांदीचा मुलामा दिलेलं पितळ किंवा तांबं हातात आहे. दोऱ्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे पुसून घ्या, नाहीतर घनता प्रत्यक्षापेक्षा कमी येते.

तिसरं, भिंगाखाली पृष्ठभाग पाहा. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रं आणि मऊ, वितळल्यासारखी अक्षरं असतात. ठोकलेल्या नाण्याची अक्षरं तीक्ष्ण कडेची. कडेवर पूर्ण परिघाभर जोडाची रेषा असेल तर ते नाणं नाकारा. विक्रेत्याकडे त्याच सालाची, त्याच ठिकाणी तसाच ओरखडा असलेली दोन नाणी दिसली तर दोन्ही नाकारा.

समुद्रातून काढलेली नाणी वेगळी गोष्ट आहे. १७२५ मध्ये नॉर्वेजवळ बुडालेलं 'अकेरेंडाम' आणि १७४३ मध्ये इंग्लंडच्या सिली बेटांपाशी बुडालेलं 'हॉलंडिया' ही कंपनीची जहाजं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडली आणि त्यांतली चांदी बाजारात आली. या नाण्यांचा पृष्ठभाग खाऱ्या पाण्यानं खाल्लेला, वजन कमी. त्यांना नकली म्हणू नका, पण जहाजाचं नाव सांगणारं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर साध्या झिजलेल्या नाण्याचीच किंमत द्या.

नोंद आणि कायदा

ओळख पटली की लगेच नोंद करा. प्रांत, टांकसाळ, प्रकार, साल, वजन, व्यास, लेख जसा दिसतो तसा, झिजलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं, आणि नाणं कुठून मिळालं ते. मिळाल्याची जागा लिहिणं लोक टाळतात, पण पुढच्या अभ्यासकाला तीच माहिती सगळ्यात जास्त हवी असते. कोकणातल्या एखाद्या बंदरात सापडलेलं साधं डॉइटही जागेच्या नोंदीसह व्यापाराच्या इतिहासाचा पुरावा ठरतं. तुलनेसाठी डच मध्यवर्ती बँकेकडचा राष्ट्रीय नाणेसंग्रह पाहा. नाणकशास्त्राचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा तर नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणकशास्त्र संस्था आपल्या दाराशी आहे.

भारतात १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. ते स्वतःकडे ठेवायला हरकत नाही, पण परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे, आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून डॉइट पोस्टानं पाठवण्याआधी हे ध्यानात घ्या. जमिनीत किंवा जुन्या घराच्या भिंतीत ठेव सापडली तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेवीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. ती देण्याआधी नाणी धुऊ नका, वेगळी करू नका, ज्या भांड्यात सापडली त्या भांड्यासकट ठेवा.